नाकाची साक्ष

गणवेशातल्या त्या मुलीने माझ्या बायकोच्या बॅगेतून पांढरा गोळा काढला, टेबलावर ठेवला आणि इंग्रजीत विचारलं, "हे काय आहे?"

मग दुसरा गोळा निघाला. मग तिसरा.

मी बायकोकडे बघितलं. "सुलोचना, कोकमेल आणलंस?"

"मग काय करू? स्वप्नालीने फोनवर मुद्दाम मागितलं होतं. तिथे थंडीत कातडी फुटते म्हणाली."

कोकमेल म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल. थिजवून त्याचे अंड्याएवढे गोळे करतात आणि आमच्या कोकणात टाचेला भेग पडली की गरम करून चोळतात. हे सगळं मला नीट माहीत होतं, पण इंग्रजीत माहीत नव्हतं. मी, यशवंत शिगवण, सहाय्यक फौजदार, अंमली पदार्थविरोधी पथकातून सन्मानाने निवृत्त, ज्याने उभ्या नोकरीत लोकांच्या बॅगा उपसल्या, तो टोरोंटोच्या विमानतळावर पांढऱ्या मुद्देमालासकट उभा होतो आणि "ऑइल, हील, विंटर" एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होतो.

त्यांनी कुत्रा आणला. कुत्र्याने गोळा हुंगला, मला हुंगलं आणि कंटाळून खाली बसला. चांगलं जनावर होतं. नाक माझ्याइतकं तयार नसेल, पण कामाची शिस्त होती.

शेवटी सोडवलं बायकोने. तिने सरळ बूट काढला, मोजा काढला, टाच त्या मुलीसमोर धरली आणि गोळा त्यावर घासून दाखवला. मुलीला हसू आवरेना. गोळे परत मिळाले.

"तुमचं एवढं पोलीसखातं," बायको मोजा चढवत म्हणाली, "आणि सोडवलं कोणी, तर माझ्या टाचेने."

बाहेर लेक आणि जावई उभे होते. स्वप्नालीच्या कडेवर आमची नात ईरा, दात नसलेलं तोंड उघडून हसत होती. अवधूत पुढे आला, घाईघाईने माझ्या पायाशी वाकला आणि हात पायांना लागण्याआधीच उठला. तेवढ्यात माझं नाक जागं झालं.

गांजा. शंकाच नको.

आता या नाकाबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर मी का हादरलो ते कळायचं नाही. नाकाबंदीत एकदा आम्ही कांद्याचा टेम्पो थांबवला होता. कांद्याच्या राशीखाली गांजाची पोती होती आणि मी ती टेम्पोचा फाळका न उघडता ओळखली होती. त्या दिवसापासून खात्यात मी 'नाकवाले जमादार' झालो. साहेब लोक पाहुण्यांशी माझी ओळख करून द्यायचे ती याच नावाने. माणसाला डोक्याचा गर्व होतो, पैशाचा होतो. मला नाकाचा झाला. तो पुढे इतका वाढला, की स्वप्नालीला बघायला मुलं यायची तेव्हा पोहे संपले की मी म्हणायचो, "हात बघू."

मुलाकडच्यांना वाटायचं, मुलीच्या वडिलांना हस्तरेषा कळतात. मुलगा हात पुढे करायचा. मी तो हातात घ्यायचो, वाकून बघितल्यासारखं करायचो आणि हुंगायचो. एक तंबाखूवर गेला. एक इंजिनियर अत्तराखाली सिगारेट लपवून आला होता, तो गेला. स्वप्नाली चहाचा ट्रे घेऊन दारात उभी असायची आणि माझ्या तोंडाकडे बघत असायची. पसंती मुलाची आहे की माझ्या नाकाची, हे त्या पोरीला कधी कळलंच नसेल.

अवधूत मोहिते हा पाचवा. दापोलीला शेतीची पदवी घेतलेला. त्याच्या हाताला निंबोळी पेंडीचा आणि ओल्या मातीचा वास होता. मी तिथल्या तिथे होकार दिला. पण पोलिसाच्या जिभेला हाड नसतं. सगळ्यांदेखत म्हणालो, "एक सांगून ठेवतो. या मुलाच्या घरात मला कधी नशेचा वास आला, तर त्याच दिवशी पोरीला घेऊन घरी येईन. मधे मूलबाळ असलं तरी."

"चालेल, आप्पा," अवधूत म्हणाला होता.

आणि आता तोच अवधूत माझ्या बॅगा गाडीत ठेवत होता आणि गाडीतून भपका येत होता.

"कसला वास हा?" मी विचारलं.

पुढच्या सीटवर बसलेली स्वप्नाली चुळबुळली. तिने मान वळवली नाही. "स्कंक आहे, आप्पा."

"ते काय?"

"इथला एक प्राणी. मांजराएवढा, काळा, पाठीवर पांढरा पट्टा. घाबरला की घाण वास सोडतो. आपल्या गाडीखाली येऊन बसतो मेला."

अवधूत म्हणाला, "हो, हल्ली फार झालेत."

आणि नाकवाले जमादारांनी विश्वास ठेवला. एवढंच नाही, त्यांच्या छोट्या गावातल्या घरी पोचल्यावर दुसऱ्या दिवसापासून मी अंगणातल्या पायरीवर शाल गुंडाळून स्कंकची वाट बघत बसायला लागलो. शेजारची बाई मला रोज हात करायची. तिला वाटत असेल, म्हाताऱ्याला घरात घेत नाहीत.

अवधूत नोकरीला होता एका ग्रीनहाउसमध्ये. काचेची मोठमोठी घरं, आत ढोबळी मिरची, आणि हा तिथला सुपरवायझर. गावी मी सगळ्यांना सांगितलं होतं, जावई कॅनडात मिरच्यांचा साहेब आहे. दर शनिवारी तो पिशवी भरून ढोबळी मिरच्या आणायचा. लाल, पिवळ्या, हिरव्या. मग आठवडाभर पीठ पेरून ढोबळी, भरली ढोबळी, बटाट्यातली ढोबळी. मी कौतुकाने खायचो. जावयाच्या हातचं पीक म्हणून.

बाकी माणूस बदलला होता. वरणभातसुद्धा चमच्याने खायचा. कोकणातला मुलगा, सोलकढी भातावर ओतून हाताने ओरपणारा, आणि आता चमचा. ईराला उचलायचा ते तिच्या दुपट्याची घडी मधे घेऊन. हात सदा खिशात. मी बायकोला म्हणालो, "साहेब झाले तुमचे जावई. पोरीला हात लावायलासुद्धा लाज वाटते."

"थंडी असते बाहेर," बायको म्हणाली.

"घरात कुठे असते?"

ती कोकमेलाचा गोळा बशीत घालून गॅसवर धरत होती. ते गोळेही भराभर झिजत होते. बायकोच्या टाचा मात्र होत्या तशाच होत्या. हे मला दिसत होतं. दिसणं वेगळं आणि कळणं वेगळं, एवढंच.

स्कंक काही आला नाही, म्हणून मी बागेत जायला लागलो. तिथे एका बाकावर आपल्याकडची दोन म्हातारी माणसं रोज बसायची. एक सरदारजी, गुरबचनसिंग, आधी सैन्यात आणि मग इथे ट्रकवर. दुसरे रसिकभाई, सुरतेला साड्यांचं दुकान होतं, त्यांना मुलाने इथे आणून ठेवलं होतं. आमची भाषा हिंदी, आणि त्या वर्षी विषय एकच. कॅनडाच्या सरकारने गांजा खुला करायचं ठरवलं होतं. औषधाला नव्हे, नुसत्या मौजेला. मोठ्या माणसाने दुकानात जायचं, विकत घ्यायचा आणि ओढायचा.

"आमच्या गावात ओढ्याकाठी आपोआप उगवायचा," गुरबचनसिंग म्हणाले. "म्हशी खायच्या. म्हशींनी कधी सरकारकडे परवानगी मागितली नाही."

रसिकभाईंचं डोकं दुसरीकडेच. "दुकानाची एजन्सी कोणाला मिळते, काही कळलं?"

मी छातीला हात लावून म्हणालो, "तुम्ही काय बोलताय? या एका पानासाठी मी काट्याकुट्यात रात्री काढल्या. साप अंगावरून गेला माझ्या. आणि इथे बिल देऊन पिशवीत घालून देणार?"

गुरबचनसिंगांनी पगडी सारखी केली. मग रसिकभाई हळूच म्हणाले, "साप विषारी होता?"

कायदा लागू झाला त्या दिवशी आम्ही तिघे मुद्दाम गावात गेलो. मला वाटलं, दंगल होईल. काही झालं नाही. दोनचार पोरांनी टाळ्या वाजवल्या, एका बाईने चर्चसमोर पाटी धरली होती, आणि बसथांब्यावर एक लांब केसांचा पोरगा उभ्याउभ्या ओढत होता. समोरून एक पोलीस आला. मी म्हटलं, आता बघा. पोलीस त्याला 'गुड मॉर्निंग' म्हणाला आणि पुढे गेला.

माझा हात माझ्या ताब्यात राहिला नाही. जुनी सवय. मी पुढे होऊन त्या पोराचं मनगट धरलं.

पोरगा घाबरला नाही. त्याने माझ्या टोपीकडे, शालीकडे बघितलं, त्याला वाटलं म्हाताऱ्याला एक झुरका हवा आहे. त्याने फार अदबीने ती विडी माझ्यापुढे धरली.

गुरबचनसिंगांनी मला कमरेला धरून मागे ओढलं. "चलो जी, पोलीस साहब. तुमची हद्द नाही ही."

घरी येऊन मी हे रागारागाने सांगितलं. बायको हसून हसून खाली बसली. अवधूत मात्र हसला नाही. त्याने चमचा खाली ठेवला.

"आप्पा, कायदा झालाच आहे आता," तो म्हणाला. "खूप लोकांचं पोट आहे त्यावर."

"पोट भरायला दुसरी कामं नाहीत? तुमच्यासारखी मिरची पिकवावी. मी तर म्हणतो, अवधूतराव, त्या झाडाला जो हात लावतो, तो आणि जो ओढतो तो, सारखेच. माझ्या घरात असा माणूस असता तर मी त्याच्या हातचं पाणी प्यायलो नसतो."

स्वप्नालीने ईराचं तोंड पुसलं. ते आधीच पुसलेलं होतं. अवधूत उठला, स्वयंपाकघरात गेला, आणि नळाचं पाणी कितीतरी वेळ वाहत राहिलं.

थंडी वाढली. मग बातमी आली, की आमच्या त्या छोट्या गावात दुकान काढू द्यायचं की नाही हे नगरपालिकेने ठरवायचं आहे, आणि गावाबाहेरचं एक ग्रीनहाउस वाढवायचंय त्यालाही परवानगी हवी आहे. एका शनिवारी सकाळी लोकांची मतं ऐकायला सभा होणार होती. मी विचारलं, मिरचीच्या ग्रीनहाउसचा आणि गांजाचा काय संबंध? रसिकभाई म्हणाले, काही ग्रीनहाउसवाले आता तेच लावतात. मी म्हटलं, आमचे नाही लावत.

रसिकभाईंनी मला भरीला घातलं. एजन्सी मिळणार नाही असं कळल्यापासून ते कट्टर विरोधक झाले होते. "साहेब, तुम्ही बोला. तज्ज्ञ माणूस कुठे मिळणार यांना?"

तज्ज्ञ म्हटल्यावर मी उभाच राहिलो. भाषण मराठीत करायचं आणि स्वप्नालीने इंग्रजीत सांगायचं, असं मी परस्पर ठरवून टाकलं.

"आप्पा, नका बोलू," ती म्हणाली.

"का?"

"तुम्ही पाहुणे आहात इथे."

"पाहुण्याला नाक नसतं का?"

"मग दुकानाबद्दल काय ते बोला. ग्रीनहाउसबद्दल नका बोलू. एवढं ऐका माझं." तिचा आवाज कापत होता. मला वाटलं, सभेची भीती वाटते पोरीला. तीस-तेहतीस वर्षं मी लोकांचे जबाब घेतले. आवाज कशाने कापतो हे मला ओळखता यायला हवं होतं, पण समोर स्वतःची लेक असली की माणूस बाप असतो, पोलीस नसतो. निदान मी तरी दोन्ही नव्हतो. मी वक्ता झालो होतो.

बायकोने कोट घालताघालता एकच सांगितलं, "तोंड आवरा. आणि नाकही."

सभागृह भरलं होतं. समोर टेबलाशी पाचसहा माणसं, मधे पांढऱ्या केसांची अध्यक्षबाई. मागच्या दोन ओळींत कामगारांसारखी दिसणारी मंडळी, जाड जाकिटं घालून. एक आई बोलली. तिचा मुलगा या नादाने शिक्षण सोडून बसला होता. तिचं बोलणं संपलं तेव्हा मीसुद्धा डोळे पुसले. मग एक म्हातारा वॉकर ढकलत आला. रात्री पाठ झोपू देत नाही, हे घेतलं की झोपतो, असं म्हणाला. कोणी म्हणालं गावाचं नाव खराब होईल, कोणी म्हणालं गावाला नाव होतं कधी. टायवाला एक माणूस उठला आणि म्हणाला, ग्रीनहाउसला असे फिल्टर लावू की कोणाच्याही नाकाला कळणार नाही.

हे स्वप्नालीने मला सांगायला नको होतं.

मी माइकशी गेलो. कांद्याचा टेम्पो सांगितला. साप सांगितला. स्वप्नाली सांगत होती त्यावर लोक माना डोलावत होते, आणि माझ्या लक्षात आलं, की सभा माझ्या मुठीत आहे. तिथेच मी घसरलो.

"हे साहेब म्हणतात, कोणाच्या नाकाला कळणार नाही," मी म्हणालो. "मी पैज लावतो. या सभागृहात आत्ता कोणाच्या अंगाला गांजाचा वास आहे, ते मी एकेकाला ओळखून दाखवतो."

स्वप्नालीने माइकवरून तोंड बाजूला घेतलं.

"सांग त्यांना."

"आप्पा..."

"सांग."

तिने सांगितलं. हशा पिकला. अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून बघितलं आणि हाताने 'चालू द्या' केलं. सकाळपासून रडकथा ऐकून त्यांनाही काहीतरी हलकं हवं असावं.

मी पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. वॉकरवाल्या म्हाताऱ्याशी थांबलो. त्याने स्वतःच हात वर केला, टाळ्या पडल्या. पुढे एक मोत्यांची माळ घातलेली बाई होती. मी थांबलो. ती कानापर्यंत लाल झाली आणि हळूच म्हणाली, "गुडघ्यासाठी." पुन्हा टाळ्या. गुरबचनसिंगांनी शीळ घातली. माझ्या अंगात वारं शिरलं. मान वर, नाकपुड्या फुललेल्या, मी असा चाललो होतो की त्या विमानतळावरच्या कुत्र्यालाही लाज वाटली असती.

मागच्या जाकिटवाल्यांकडे वळणार, तेवढ्यात दार उघडलं. गार वारा आत आला आणि वाऱ्याबरोबर वास आला. ताजा, हिरवा, ओळखीचा. तोच, विमानतळावरचा.

दारात अवधूत उभा होता. आम्हाला न्यायला कामावरून थेट आला होता. हातात गाडीची किल्ली. मला आपल्याकडे येताना बघून त्याने दोन्ही हात खिशात घातले.

मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो. सगळं सभागृह वळून बघत होतं. माझ्या तोंडून जुनाच शब्द आला.

"हात बघू."

अवधूतने माझ्याकडे बघितलं. मग स्वप्नालीकडे. मग खिशातून हात काढून पुढे केले. पहिल्यांदा बघायला आला होता तेव्हा केले होते तसेच.

मी वाकलो. वर लिंबाचा वास होता. त्याच्या खाली भांड्यांच्या साबणाचा. आणि त्याच्याही खाली, कातडीत मुरलेला, गांजा. पण ओढलेल्याचा नव्हे. धुराचा लवलेश नव्हता. झाडाचा चीक होता तो, पानं खुडणाऱ्याच्या हाताला असतो तसा. एवढा फरक मला झोपेतही कळतो.

मग मला हात दिसले. आत्तापर्यंत मी नुसता वास घेत होतो. बोटांच्या पेरापेरांवर भेगा होत्या, काही ताज्या, लाल. तळहात घासूनघासून पांढरा पडला होता, मनगटाशी कातडी सोलवटलेली. कामाने असे हात होत नाहीत. हे रोज कोणीतरी ब्रशने आणि लिंबाने खरवडून काढलेले हात होते. तिखट लागलं तर आग होणार, म्हणून चमचा. पोरीच्या मऊ अंगाला खरखर लागेल, म्हणून दुपटं. आणि एवढं सगळं कोणासाठी, तर सासऱ्याच्या नाकासाठी.

मी मान वळवली. स्वप्नाली माइकशी उभी होती आणि माझ्या तोंडाकडे बघत होती. चहाचा ट्रे तेवढा हातात नव्हता. बायकोने ईराला छातीशी घट्ट धरलं होतं. 'त्याच दिवशी पोरीला घेऊन येईन' हे वाक्य त्या सभागृहात आम्हा चौघांनाच माहीत होतं, आणि ते कोणी विसरलेलं नव्हतं.

अध्यक्षबाईंनी काहीतरी विचारलं. स्वप्नालीने सवयीने मराठीत सांगितलं. आवाज अगदी बारीक होता.

"आप्पा, त्या विचारतायत, काही सापडलं का?"

मी अवधूतच्या हातांकडे पुन्हा बघितलं.

"लिंबू," मी म्हणालो.

"काय?"

"सांग त्यांना, लिंबाचा वास आहे. माणूस लिंबाने हात धुतो, बाकी काही नाही. आणि म्हणावं, म्हाताऱ्याला सर्दी झाली आहे. पुढचं काही कळत नाही."

ती सांगायला लागली आणि अर्ध्यावर थांबली. मग डोळे पुसून तिने पुरं केलं. मागच्या ओळीतल्या त्या जाकिटवाल्यांपैकी एक धिप्पाड माणूस खो खो हसत सुटला. अवधूतच्याच ग्रीनहाउसची माणसं ती. सगळ्यांच्या अंगाला असा वास येत होता की कुत्रा नको, भिंतीलाही कळला असता, आणि मी म्हणत होतो लिंबू. हसणं ओळीओळीने पुढे आलं. टायवाला माणूस तर टेबलावर थापा मारत होता. त्याचं म्हणणं मीच सिद्ध करून दिलं होतं. रसिकभाईंनी कपाळाला हात लावला.

मी अवधूतचा हात सोडला नव्हता. सोडायचं लक्षातच आलं नाही.

गाडी सुरू झाली. मग अवधूतच म्हणाला, "आप्पा, मी लागलो तेव्हा मिरचीच होती. खरंच. मग मालकाने सगळी काढून हे लावलं. दुसरीकडे काम मिळत नव्हतं, आणि ईरा व्हायची होती."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही म्हणाला होतात, घरात वास आला तर."

"अहो, मी नशेचं म्हणालो होतो."

"तुमच्या नाकाला आधी वास कळतो, आप्पा. कारण नंतर." तो रस्त्याकडे बघत बोलत होता. "तेवढ्यात तुम्ही हिला घेऊन गेला असतात."

मी गेलो असतो. ते त्याला माहीत होतं आणि मलाही.

"आणि त्या मिरच्या?" मी विचारलं.

"दुकानातून आणतो."

मागून बायको म्हणाली, "प्रत्येक मिरचीवर मेक्सिकोचं लेबल असतं. मी पहिल्याच आठवड्यात बघितलं."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही स्कंक पकडायला बसला होतात. म्हटलं, माणूस कामात आहे."

घरी गेल्यावर मी कोकमेलाचा उरलेला गोळा काढला. बायको उठायला लागली, तिला म्हटलं, बस. बशीत घातला, गॅसवर धरला, कड पातळ झाली. बोटाला चटका बसला तो वेगळाच. मग अवधूतला समोर बसवलं.

"अवधूत, हात दे."

इतकी वर्षं मी त्याला अहोजाहो करत होतो. जावयाला मान द्यायचा म्हणून. त्याने चमकून बघितलं आणि हात दिले. मी एकेका बोटाला तेल लावत गेलो. भेगेत गेलं की तो डोळे मिटायचा, पण हात मागे घेत नव्हता. स्वप्नाली दारात उभी होती. या खेपेला ती माझ्या तोंडाकडे बघत नव्हती, त्याच्या हातांकडे बघत होती.

"उद्यापासून लिंबू बंद," मी म्हणालो.

"वास येईल, आप्पा."

"येऊ दे. सर्दी झालीय मला. सगळ्या गावाने ऐकलंय."

दुकानाला परवानगी मिळाली. रसिकभाई म्हणतात, ती माझ्यामुळे मिळाली, आणि ते फारसं खोटं नसावं. बाकावर माझं नाव 'लेमनसाहब' पडलं. गुरबचनसिंग माझी ओळख अजूनही फोनवर त्याच नावाने लोकांना करून देतात. गावी ती गोष्ट माझ्या आधीच पोचली होती. कशी ते विचारायला नको, बायकोकडे फोन होता. कांद्याचा टेम्पो आता कोणी ऐकून घेत नाही. मी सुरू केला की पोरं विचारतात, "आप्पा, त्यात लिंबं होती का?"

कायदा बरोबर की चूक, ते मला आजही सांगता येत नाही. त्या आईचं रडणं खरं होतं आणि त्या म्हाताऱ्याची पाठही खरी होती.

परत यायच्या आधीची एक दुपार मात्र सांगतो. अवधूत कामावरून तसाच आला होता. हात साध्या पाण्याने धुतले, ईराला उचलून मांडीवर घेतलं आणि पाटावर माझ्या शेजारी येऊन बसला. भेगा भरत आल्या होत्या. स्वप्नालीने चमचा ठेवला होता, तो त्याने बाजूला सारला आणि सोलकढी भातावर ओतून हाताने कालवायला लागला. ईरा त्याचं बोट तोंडात घालायला बघत होती.

वास येत होता, चांगलाच येत होता. मी ताट पुढे केलं आणि आणखी भात मागितला.